नकाशा कोणी काढायचा?

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट हे गाव कापसाच्या बाजारपेठेमुळे सर्वांना परिचित आहे. त्याच गावात विल्यम लॅम्बटन नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याची कबर आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल. एप्रिल १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात त्याने साखळीने पहिली आधाररेषा मोजण्यास प्रारंभ केला आणि पुढे त्रिकोणास त्रिकोण जोडीत, अर्ध्या टनाचे थिओडोलाइट यंत्र हमालांच्या खांद्यावरून वाहून नेत तो उत्तरेकडे सरकत राहिला. हैदराबादहून नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी त्याला मृत्यूने गाठले, ते हिंगणघाटला. या माणसाची चिकाटी वादातीत आहे. परंतु ही मोजणी ज्या सत्तेसाठी चालली होती, तिला हिंदुस्थानचा भूगोल कशासाठी हवा होता, हे सांगावयास नको. सैन्य कोणत्या वाटेने न्यावे आणि सारा कोठून किती वसूल करावा, या दोन प्रश्नांची उत्तरे तिला नकाशात हवी होती.

या महामोजणीत घाम गाळणारे हात मात्र बहुतांशी भारतीयच होते. केवळ हातच नव्हे, तर बुद्धीही. हिमालयातील 'शिखर क्रमांक १५' हे जगातील सर्वोच्च शिखर होय, हे ज्या आकडेमोडीतून १८५२ च्या सुमारास निष्पन्न झाले, तिच्याशी बंगालचे गणिती राधानाथ सिकदार यांचे नाव निगडित आहे. शिखराला नाव मिळाले ते एव्हरेस्ट या सेवानिवृत्त इंग्रज अधिकाऱ्याचे. भूमापनाच्या ज्या इंग्रजी पाठ्यग्रंथात १८५१ साली सिकदार यांचे ऋण मान्य करण्यात आले होते, त्याच ग्रंथाच्या १८७५ च्या आवृत्तीतून, सिकदार दिवंगत झाल्यानंतर, तो उल्लेख गाळण्यात आला. कुमाऊंतील मिलमचे पंडित नैनसिंह रावत यांची कथा तर एखाद्या कादंबरीत शोभावी अशी आहे. यात्रेकरूच्या वेषात ते १८६६ साली ल्हासाला पोहोचले. हातातील जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी. शंभर पावले झाली की एक मणी पुढे. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी निरीक्षणांची टिपणे. पावलांनी तिबेट मोजणाऱ्या या शिक्षकाला १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने सुवर्णपदक दिले. पदक रावतांना मिळाले आणि नकाशा इंग्रजांना.

इंग्रज गेले, तरी नकाशाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी मात्र सरकारी कपाटात तशीच राहिली. नकाशा ही जनतेपासून जपण्याची वस्तू आहे, हे सूत्र स्वतंत्र भारताच्या शासनानेही दशकानुदशके पाळले. सीमेलगतच्या आणि किनाऱ्यालगतच्या प्रदेशांचे सविस्तर पत्रक सामान्य नागरिकाला मिळत नसे. कोकणातील एखाद्या भूगोल-शिक्षकाने आपल्या तालुक्याचे पत्रक मागितले, तर त्याला अर्जविनंत्यांच्या फेऱ्यातून जावे लागे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक व नागरिकांसाठी एक अशा दोन मालिका वेगळ्या केल्या खऱ्या; परंतु त्याच वर्षी एका अमेरिकी कंपनीने साऱ्या पृथ्वीची उपग्रहचित्रे महाजालावर खुली करून टाकली. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांनी ऑक्टोबर २००५ मध्ये त्याविषयी जाहीर चिंता व्यक्त केली होती. ती रास्तच होती. पण त्या चिंतेतील विसंगतीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ज्या टेकडीचा नकाशा तिच्या पायथ्याशी राहणाऱ्या विद्यार्थ्याला मिळत नव्हता, त्या टेकडीवरील झाडन्‌झाड कराचीत वा बीजिंगमध्ये बसलेला माणूस पाहू शकत होता. कुलूप होते ते केवळ घरच्यांसाठी.

२०१६ साली पठाणकोटच्या हल्ल्यानंतर जे विधेयक मसुद्याच्या रूपाने पुढे आले, त्यात परवानगीवाचून भौगोलिक माहिती बाळगणाऱ्यास सात वर्षांपर्यंतचा कारावास आणि शंभर कोटी रुपयांपर्यंतचा दंड सुचविला होता. हेतू सुरक्षेचा होता, परंतु त्या जाळ्यात घुसखोराआधी गावच्या शाळेतला मास्तर सापडला असता. तो मसुदा मागे पडला, हे उत्तम झाले. त्यानंतर १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने जी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, त्यांनी हे चित्र पालटले. भारतीय नागरिकाला व भारतीय संस्थेला नकाशे तयार करण्यासाठी, मोजणी करण्यासाठी आता पूर्वपरवानगीची आवश्यकता नाही. संवेदनशील गोष्टींची निषिद्ध सूची पाळली म्हणजे झाले. एक मीटरहून अधिक सूक्ष्म माहिती निर्माण करण्याचा अधिकार मात्र भारतीय मालकीच्या संस्थांपुरता राखून ठेवण्यात आला. विश्वास स्वकीयांवर आणि मर्यादा परकीयांवर, हा क्रम योग्य होय. तो लावण्यास स्वातंत्र्यानंतर त्र्याहत्तर वर्षे लागली.

दार उघडले; पण आत कोण शिरणार? खरा प्रश्न येथून पुढचा आहे.

नकाशा काढण्यासाठी आज लागते ते एक साधारण कुवतीचा संगणक, महाजालाची जोडणी आणि रविवारच्या दोन-चार तासांची बैठक. लक्षावधी रुपये मोजून घ्याव्या लागणाऱ्या आज्ञावलींच्या तोडीची 'क्यूजीआयएस' ही प्रणाली पूर्णतः विनामूल्य आहे. २००२ मध्ये एका हौशी संगणकतज्ज्ञाने तिचा आरंभ केला आणि पुढे जगभरातील स्वयंसेवकांनी ती वाढविली. तिच्याआधीची 'ग्रास' ही प्रणाली १९८० च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाच्या प्रयोगशाळेत जन्मली. लष्कराने हात काढून घेतल्यावर विद्यापीठांतील अभ्यासकांनी ती जोपासली. या मुक्तस्रोत प्रणालींची मूळ संहिता कोणीही पाहू शकतो, सुधारू शकतो आणि दुसऱ्यास देऊ शकतो. विद्या दिल्याने वाढते, हे ज्या समाजाला कोणी शिकवावे लागत नाही, त्या समाजातील किती घरांत आजही चोरून उतरविलेल्या महागड्या आज्ञावली वापरल्या जातात, हा विषय वेगळा आणि अंमळ लाजिरवाणा आहे. मुंबईच्या आय.आय.टी.ने चालविलेल्या प्रकल्पांतून क्यूजीआयएसची शिकवणीही विनामूल्य उपलब्ध आहे.

चित्रांचेही तसेच. अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेची १९७२ पासूनची चित्रे २००८ मध्ये सर्वांना विनामूल्य खुली झाली. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची जोडी साधारण दर पाच दिवसांनी त्याच गावावरून जाते आणि जमिनीवरील दहा मीटर लांब-रुंद चौकटींत तिचे चित्र टिपते. यावर एखादा ज्येष्ठ कार्यकर्ता विचारील की, यात स्वदेशी ते काय? प्रश्न बिनतोड आहे. भारताचा दूरसंवेदन उपग्रह आय.आर.एस.-१ए मार्च १९८८ मध्येच अवकाशात गेला होता. त्याच्या वंशातील उपग्रहांनी शेती, जंगल, भूजल यांचा अभ्यास तीन दशके केला. असे असता भारतीय विद्यार्थी आपल्या नदीचा अभ्यास परदेशी चित्रांवर करीत राहिला, कारण ती मागताक्षणी मिळत आणि स्वकीय चित्रांसाठी शुल्क व अर्ज यांचा घाट चढावा लागे. २००९ मध्ये इस्रोचे 'भुवन' आले. आता 'भूनिधी' या संकेतस्थळावरून रिसोर्ससॅटची चित्रेही विनामूल्य उतरवून घेता येतात. स्वदेशी वापरा, असे तरुणांना सांगण्यापूर्वी स्वदेशी वस्तू दुकानाच्या दर्शनी भागात मांडावी लागते, एवढा धडा आपल्या यंत्रणेने यातून घेण्यासारखा आहे.

या साधनांनी नेमके काय करता येते? विदर्भाचे उदाहरण घ्यावे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या जिल्ह्यांत मालगुजारीच्या काळापूर्वीपासूनचे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या आश्रयाने व कोहळी समाजाच्या कौशल्याने ते बांधले गेले. मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा गाळ काढला, त्या गावाची त्यांच्यावरील माया उणावली. यांपैकी कोणता तलाव आज किती उरला आहे, हे पाहण्यासाठी मुंबई-नागपूरच्या कचेरीत खेटे घालण्याचे कारण नाही. डोळ्यांना न दिसणारा जो अवरक्त प्रकाश, तो पाणी जवळपास सगळा शोषून घेते आणि हिरवे पान तो जोराने परतवते. उपग्रहाच्या चित्रात हिरव्या व अवरक्त प्रकाशाच्या नोंदी वेगवेगळ्या असतात. त्यांची वजाबाकी करून बेरजेने भागले की, पाण्याच्या चौकटी इतरांहून निराळ्या उठून दिसतात. एक चौकट म्हणजे शंभर चौरस मीटर. शंभर चौकटींचा एक हेक्टर. बारावीचा विद्यार्थी एका संध्याकाळी हे गणित शिकू शकतो. डिसेंबरचे चित्र घ्यावे, मेचे घ्यावे, गेल्या आठ-दहा वर्षांची तीच जोडी लावावी आणि तलाव कोणत्या वर्षापासून लवकर आटू लागला ते ग्रामसभेपुढे मांडावे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या वेळी मांजरा धरणाच्या कोरड्या पात्राच्या बातम्या देशभर गाजल्या. त्या उन्हाळ्याची सेंटिनेलची चित्रे आजही कोणालाही पाहता येतात. पाणी एकाएकी नाहीसे झाले की महिन्यामहिन्याने ओसरत होते, हे पाहणाऱ्याला दिसते.

पण चित्रावर आंधळा विश्वास ठेवणाऱ्याची फसगतही होते. सह्याद्रीच्या कड्याची सावली संगणकाला पाणी वाटते. बेशरमीने झाकलेला तलाव त्याला हिरवे शेत वाटतो. तीस मीटर लांब-रुंद शेततळे म्हणजे अवघ्या नऊ चौकटी, त्यांतील काठावरच्या अर्ध्या पाण्याच्या नि अर्ध्या मातीच्या. पावसाळ्यात तर चार महिने ढगांखेरीज काही दिसत नाही. तेव्हा रडारची चित्रे घ्यावी लागतात आणि ती वाचणे हे वेगळे शास्त्र आहे. म्हणून संगणकावर काढलेला प्रत्येक तलाव एकदा तरी काठावर उभे राहून पाहिला पाहिजे. या हौसेतील खरा आनंद, आणि कार्यकर्त्याच्या दृष्टीने खरा लाभही, त्या पायपिटीतच आहे.

सरस्वतीच्या संदर्भात तर हा संयम अधिकच हवा. १९८० साली यशपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी लँडसॅटच्या चित्रांवरून हरियाणा-राजस्थानातील लुप्त प्रवाहाचे रुंद पात्र दाखविले. पाच वर्षांनी, १९८५ मध्ये, भीमबेटकाचे संशोधक डॉ. विष्णू श्रीधर वाकणकर यांनी सरस्वती शोध अभियानाची मोहीम प्रत्यक्ष त्या मार्गाने नेली. चित्र आधी आणि पावले मागाहून, असा तो सुंदर संगम होता. आज तीच चित्रे घरी बसून पाहता येतात, आणि म्हणूनच महाजालावर रोज एक नवी सरस्वती अवतरू लागली आहे. चित्रातील प्रत्येक निळसर वळण म्हणजे नदी नव्हे. ते ओलावा धरणारे वाळूचे पट्टे असतील, जुना कालवा असेल. त्या पात्रात हिमनद्यांचे पाणी कोणत्या काळापर्यंत वाहत होते, यावर भूवैज्ञानिकांत आजही मतभेद आहेत. वाकणकरांची श्रद्धा कोणाहून कमी नव्हती, तरीही ते फावडे आणि वही घेऊन गेले. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी त्यांची शिस्तही घ्यावी.

आता एका दुखऱ्या जागेविषयी. हौशी नकाशाकार जगाच्या सीमारेषांसाठी 'नॅचरल अर्थ' नावाची विनामूल्य माहिती सर्रास वापरतात. तिच्या नेहमीच्या आवृत्तीत जम्मू-काश्मीर व लडाख यांची सीमा प्रत्यक्ष ताब्यानुसार आखलेली आहे, म्हणजे भारताचा मुकुट छाटलेला आहे. लोकसहभागातून वाढलेल्या 'ओपनस्ट्रीटमॅप' या जागतिक नकाशाचेही सूत्र प्रत्यक्ष ताब्याचेच. (भारतीय सर्वेक्षण विभागाच्या २००५ च्या खुल्या मालिकेची आणि या परदेशी नकाशाची इंग्रजी आद्याक्षरे एकच आहेत, हा योगायोग गमतीचा.) अनेक तरुण रागाच्या भरात त्या रेषा पुसून येतात, रेषा परत काढल्या जातात आणि पुसणाऱ्याचे खाते बंद होते. यात देशाचे काहीच साधत नाही. भारताच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमात १९९० साली घातलेल्या तरतुदीनुसार सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी विसंगत असा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा सहा महिन्यांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे. शाळेच्या स्मरणिकेत, संस्थेच्या अहवालात, गणेशोत्सवाच्या देखाव्यात न कळत हा गुन्हा घडतो. उपाय सोपा आहे. सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर देशाच्या व राज्यांच्या अधिकृत सीमा संगणकीय रूपात मिळतात. नॅचरल अर्थनेही भारताच्या दृष्टिकोनातून आखलेली एक वेगळी आवृत्ती ठेवली आहे. ती आपोआप मिळत नाही, शोधून घ्यावी लागते. जो स्वतः नकाशा काढत नाही, त्याला दुसऱ्याने गृहीत धरलेली सीमा मुकाट्याने पत्करावी लागते.

सीमेची गोष्ट दिल्लीची म्हटली, तरी गावाच्या नावाची गोष्ट घरचीच आहे. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावे राजपत्रात आली. परंतु महाराष्ट्रातील हजारो वाड्या, पाडे आणि तांडे यांची नावे जागतिक नकाशावर एकतर नाहीत, नाहीतर इंग्रजी वळणाने मोडकी झालेली आहेत. ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्येक स्थळाचे नाव मराठीत, देवनागरीत नोंदविण्याची सोय आहे. तेथे कोणी आपल्याला अडविलेले नाही. उणीव आहे ती बसून लिहिणाऱ्यांची. जुलै २०२३ मध्ये खालापूर तालुक्यातील इरसालवाडीवर रात्री दरड कोसळली. वाडीला रस्ता नव्हता. बचावपथके पावसात, अंधारात पायवाटेने डोंगर चढून गेली. सह्याद्रीत अशा वाड्या किती आहेत, त्यांच्या पायवाटा कोठून निघतात, माथ्यावरील उतार किती अंशांचा आहे, हे दर रविवारी तेथे जाणारे गिर्यारोहक जाणतात. त्यांच्या मोबाइलमध्ये ती वाट नोंदलेलीही असते. ती नकाशावर चढविण्याचे अर्ध्या तासाचे काम मात्र राहून जाते. नेपाळमध्ये एप्रिल २०१५ चा भूकंप झाला, तेव्हा काठमांडू खोऱ्यातील शाळा व रुग्णालये तेथील तरुणांनी आधीच नकाशावर आणून ठेवली होती. मदतकार्यात तो नकाशा उपयोगी पडला. आपत्तीनंतर धावून जाण्यात आपले कार्यकर्ते कोणास हार जाणार नाहीत. आपत्तीपूर्वीची ही निमूट सेवा मात्र छायाचित्रात येत नाही, कदाचित म्हणूनच ती सुचत नाही.

महाराष्ट्रातील बारवांची नोंद करण्याचे काम अलीकडच्या वर्षांत हौशी तरुणांनीच हाती घेतले. जुलै २०२५ मध्ये छत्रपती शिवरायांच्या वारशाशी निगडित बारा दुर्गांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. साल्हेरपासून तमिळनाडूतील जिंजीपर्यंतच्या त्या बारा दुर्गांचे नकाशे आता होतीलच. पण ज्यांना कोणतीही यादी नाही, अशा देवराया, वीरगळ, गढ्या, पाणपोया, घाटवाटांवरील टाकी यांचे काय? देवराईचे राखलेले रान भोवतीच्या उघड्या माळावर एप्रिलच्या उपग्रहचित्रात गडद ठिपक्यासारखे उठून दिसते. ठिपका सापडतो; त्याचा देव कोण, तेथे कुऱ्हाड का लावायची नाही, हे मात्र गावातील वृद्धच सांगू शकतात. घराघरांत मुले मोबाइलमध्ये डोके घालून बसतात, अशी तक्रार पालक करतात. तोच मोबाइल आजोबांबरोबर शिवारात नेला, तर प्रत्येक विहिरीचे स्थान काही मीटरांच्या अचूकतेने टिपून देतो. आजोबांनी नाव सांगावे, नातवाने नोंदवावे. या नकाशाने बांधावरचे भांडण मिटणार नाही, त्यासाठी सरकारी मोजणीच हवी; आणि लष्करी ठाणी, दारूगोळ्याची कोठारे असल्या स्थळांना हात लावायचा नाही, हेही मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे.

वडाचा मळा, भुताची पट्टी, खालचे कुरण, जोगतिणीचा माळ अशी शेतांची नावे सत्तरी-ऐंशीच्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. एकत्रीकरणाच्या योजनेत शेतांना गट क्रमांक मिळाले आणि व्यवहारात तेच रूढ झाले. तरीही सातबाऱ्याच्या उताऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा एक रकाना आजही छापलेला असतो. कित्येक उताऱ्यांवर तो कोरा आहे.